पाच किलोंच्या आतली शांतता

जगातली कुठलीही वस्तू आमच्या साडूंच्या घरात आली, की ती विकत घेतलेली नसते. चौकशीसाठी ताब्यात घेतलेली असते. नवा मिक्सर आला तर पहिल्या दिवशी चटणी वाटली जात नाही, त्याचं बूड उघडून आत काय आहे ते बघितलं जातं. नवं कुलूप आलं तर ते किल्लीशिवाय उघडता येतं का हे तपासलं जातं, उघडलं तर दुकानदाराला परत, आणि नाही उघडलं तर "उद्या किल्ली हरवली तर?" म्हणून तेही परत. एकदा छताचा पंखा घ्यायला गेले तेव्हा दुकानातल्या चालू पंख्याखाली खुर्ची ओढून पाऊण तास डोळे मिटून बसले होते. माणसाला चक्कर आली असं वाटून दुकानदाराने स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी पुढे केली. साडूंनी ती खाल्ली, मीठ कमी आहे असं सांगितलं आणि पंखा न घेता घरी आले. "जी वस्तू स्क्रू-ड्रायव्हरने उघडत नाही ती आपली नाही, साडूभाऊ," ते मला नेहमी सांगतात. "आपण फक्त तिचे भाडेकरू." ते मला साडूभाऊ म्हणतात, मीही त्यांना साडूभाऊच म्हणतो, आणि आम्ही दोघं एका खोलीत बोलत असलो की आमच्या बायका, ज्या सख्ख्या बहिणी आहेत, दुसऱ्या खोलीत निघून जातात.

साडू शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण विज्ञान निवृत्त झालं नाही. निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून त्यांनी पेट्या तोलायचा जुना वजनकाटा आणला आहे आणि तो दिवाणखान्यात सोफ्याशेजारी ठेवला आहे. त्यावर घरात येणारं सगळं चढतं. लग्नाची पत्रिका एकशे ऐंशी ग्रॅम भरली तेव्हा ते म्हणाले, "पत्रिका इतकी जड, म्हणजे जेवण हलकं असणार." आम्ही लग्नाला गेलो. जेवण खरोखरच हलकं होतं. वजनाखेरीज त्यांचा विश्वास फक्त आवाजावर. कलिंगडावर टिचकी सगळेच मारतात. साडू दारांवर, भिंतींवर आणि एकदा माझ्या नव्या बुटांच्या टाचांवर टिचकी मारून गेले. इंदिरानगरमध्ये आम्ही फ्लॅट घेतला त्या दिवशी पाहुणे पेढे खात असताना ते एकटे भिंत ठोकत हिंडत होते. शेवटी बेडरूमच्या भिंतीशी थांबून म्हणाले, "इथे आत काहीतरी राहून गेलंय." काय राहून गेलंय ते त्यांनी सांगितलं नाही. अकरा वर्षं झाली, त्या भिंतीला पाठ करून झोपताना मला अजून थोडं विचित्र वाटतं.

मी स्वतः अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर मापं घेतो. मापात बसलं की पुढे, नाही बसलं की बाजूला. मोजलेली गोष्ट आपल्याला कळते असं मी पन्नाशीपर्यंत धरून चाललो होतो. तो समज या वर्षी साडूंच्या संगणकाने घालवला. काय काय झालं ते मी क्रमाने सांगू शकतो, पण ते सगळं मला कळलं आहे असा माझा दावा नाही.

साडूंचे थोरले बंधू, म्हणजे सगळ्यांचे दादा, देवळाली कॅम्पला राहतात. त्यांचं आयुष्य लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलं. इंजिन तपासायची त्यांची रीत अशी, की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. साडूंची टिचकी ही त्या स्क्रू-ड्रायव्हरचीच धाकटी आवृत्ती. गेल्या दिवाळीनंतर दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात थोडा अधू राहिला, चालणं सुधारलं, पण शब्द गेले. समोरच्याचं सगळं कळायचं, पेपर वाचायचे, बातमी वाईट असली की मान हलवायचे. तोंडातून मात्र "हो", "नाही" आणि वहिनींसाठी "अगं", एवढंच. बोलण्याचे उपचार करणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. या काळात बोलते झाले तर झाले, नंतर ते फार अवघड जातं.

बाईंनी संगणकावर करायचा अभ्यास दिला. पडद्यावर चित्र येणार, दादांनी त्याचं नाव म्हणायचं, ते ध्वनिमुद्रित होणार, आणि दर आठवड्याला बाई ते ऐकणार. दादांकडे संगणक नव्हता. साडू स्वतःचा तिथे ठेवायला निघाले तेव्हा दादांनी दाराकडे बोट दाखवलं. वहिनींनी त्याचा अर्थ सांगितला: "ते यंत्र इथे राहिलं म्हणजे आजार मुक्कामाला राहिला, असं म्हणताहेत." तेव्हा साडू दर बुधवारी आणि रविवारी आपल्या संगणकाचं खोकं स्कूटरवर पायाशी ठेवून इंदिरानगरहून देवळाली कॅम्पला न्यायला लागले. पडद्याचं काम दादांचा टीव्ही करायचा. लॅपटॉप का नाही, असं मी विचारलं. तो उघडत नाही. मोबाइल का नाही? "मोबाइल मध्येच वाजतो," साडू म्हणाले, "आणि दादाला वाटतं आपल्याशी बोलायचं सोडून हा दुसऱ्याशी बोलतोय."

दोन अडचणी एकदमच आल्या. पहिली, बाईंनी मुद्रण ऐकलं आणि म्हणाल्या, "यात दादा कुठे आहेत? मला फक्त पिठाची गिरणी ऐकू येतेय." दादांचा आवाज झटक्यानंतर इतका बारीक झाला होता, की संगणकातला पंखा त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलत होता. दुसरी, साडूंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पाच किलोंपेक्षा जास्त उचलायला मनाई केली. संगणक काट्यावर भरला अकरा किलो चारशे. दादांचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या अडतीस. मी खोकं उचलतो म्हटलं, आणि एकदा उचललंही. पण एकविसाव्या पायरीवर ते कठड्याला लागलं आणि तेव्हापासून माझ्याकडे फक्त वायरींची पिशवी असते. म्हणजे संगणक हलका हवा आणि शांतही हवा. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

मी वही घेऊन बसलो. पत्र्याचं खोकं सहा किलो दोनशे, वीज पुरवणारा डबा एक आठशे, मदरबोर्डची पाटी नऊशे ग्रॅम, सीडीचा खण आठशे, जुनी डिस्क सातशे, चित्रासाठीचं वेगळं कार्ड सहाशे, आणि प्रोसेसरवरचा पंखा त्याच्या जाळीसकट चारशे. सीडी आता कोणी लावत नाही, कार्डावाचून चित्र दिसतं, आणि डिस्कच्या जागी पत्त्याच्या पानाएवढी नवी डिस्क बसते, जिचं वजन द्राक्षाच्या काट्याला जाणवतसुद्धा नाही. हे सगळं काढून खोक्याखेरीज उरतात तीन किलो शंभर. म्हणजे खोक्याला एक किलो नऊशेपर्यंत मुभा. इथपर्यंत मी सुखी होतो.

मग आम्ही सलीमभाईंच्या दुकानात गेलो. सलीमभाई वीस वर्षं संगणक जोडतात आणि साडूंना बारा वर्षं सहन करतात. त्यांनी एक खोकं दाखवलं, आतून जाड स्पंज लावलेलं, दार बंद केलं की आतला आवाज आत. वजन आठ किलो. दुसरं दाखवलं, पातळ अॅल्युमिनियमचं, एक किलो आठशे. साडूंनी त्यावर टिचकी मारली आणि ते डब्यासारखं वाजलं. पंख्यांचंही तसंच. चपटा, छोटा पंखा हलका, पण तो भराभर फिरून किंचाळणार. शांत पंखा हवा तर त्याच्याखाली पत्र्यांचा उंच मनोरा, वजन एक किलो शंभर.

"हलकं पाहिजे तर आवाज करणार, शांत पाहिजे तर वजनदार असणार," सलीमभाई म्हणाले. "दोन्ही एकदम भेटलं ना सर, तर मला पण सांगा. मी पण घेतो."

"मोठा पंखा कमी आवाज कसा करेल?" मी विचारलं.

"तो हळू फिरतो. मोठ्या माणसाला घाई नसते."

"बरं, हा पंखा तीस डेसिबलचा. खोक्याला मागे असाच दुसरा लावला तर एकूण किती? साठ?"

"तेहतीस."

मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. मी पुन्हा विचारलं. तीस आणि तीस, तेहतीस. साडूंनी मान डोलावली आणि लॉगरिदम की काय ते समजावलं. मी सव्वीस वर्षं मापं घेतोय. माझ्यासमोर कोणी तीस आणि तीसची बेरीज तेहतीस सांगितली असती तर मी तो माल बाजूला ठेवला असता. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय, तुम्ही आणि भाऊजी दोघं मिळून तरी कुठे दोन माणसांइतकं ऐकता?" हे त्याचं उत्तर आहे की नाही, हेही मला ठरवता आलं नाही.

शेवटी पातळ खोकं घेतलं. त्या रविवारी जुन्याच पंख्यासकट ते दादांकडे नेलं. चार किलो नऊशे, म्हणजे वजन जमलं होतं. आवाज मात्र वाढला होता, कारण पातळ पत्रा पंख्याच्या सुरात सूर मिसळत होता. मोबाइलवरच्या मापात सत्तेचाळीस. टीव्हीवर पोपट आला. दादांनी पोपटाकडे असं बघितलं, की ज्याने ट्रकांचे गिअरबॉक्स डोळे मिटून जोडले त्याच्यावर आता ही वेळ. पोपट गेला, आंबा आला. दादांनी तोंड फिरवलं. मग त्यांची नजर खोक्यावर गेली. डाव्या हाताने त्यांनी खूण केली. वहिनींना कळली नाही, मला कळली नाही, साडूंना कळली. त्यांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढून दादांच्या हातात दिला. दादांनी टोक खोक्याला टेकवलं, मूठ कानामागे लावली, डोळे मिटले.

"बे...अरिंग," दादा म्हणाले.

स्वयंपाकघरातून वहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "कोण बोललं?" त्यांनी विचारलं. साडूंनी दादांकडे बोट दाखवलं. चार महिन्यांत त्या घरात चौथा शब्द बोलला गेला होता आणि तो बरोबरही होता. सलीमभाईंनी दुसऱ्या दिवशी पंखा उघडून दाखवला, बेअरिंग झिजलेलंच होतं.

सलीमभाई भले माणूस. दुकानातले जुने-नवे पंखे ते आम्हाला लावून बघायला द्यायला लागले. बुधवारी चपटा पंखा नेला. चव्वेचाळीस. दादांनी ऐकलं, तोंड वाकडं केलं, आणि बराच वेळ ओठ जुळवून म्हणाले, "शिट्टी." पुढच्या रविवारी मोठा मनोरा, एक किलो शंभरचा. त्याने वजन पाच सहाशेवर गेलं. साडूंनी डॉक्टरांना फोन केला, "वरचे सहाशे ग्रॅम दोन हातांत वाटून घेतले तर चालेल का?" डॉक्टरांनी काय उत्तर दिलं ते साडूंनी सांगितलं नाही, पण त्याच दिवशी ते सलीमभाईंकडून विजेचा छोटा डबा घेऊन आले, सातशे ग्रॅम हलका. पुन्हा चार किलो नऊशे. आणि आवाज सदतीस, तोही दादांच्या घरी, जिथे सगळं बंद केल्यावर पस्तीस भरतो. दादांनी स्क्रू-ड्रायव्हर लावला, ऐकलं, समाधानाने मान हलवली आणि आरामखुर्चीत मागे टेकले.

मी वहीत खूण केली. तीन नंबर. मापात. विषय संपला.

बुधवारी साडू तीन नंबर काढून सलीमभाईंना देऊन आले आणि त्यांच्या भंगाराच्या पेटीतला चार नंबर लावून आणला. शेहेचाळीस. मला वाटलं, काही तांत्रिक कारण असेल. रविवारी पाच नंबर, पंचेचाळीस. बाईंचं मुद्रण पुन्हा गिरणीचं. मी वही पुढे केली, तीन नंबरवर बोट ठेवलं. साडूंनी बघितलं आणि म्हणाले, "हं." सलीमभाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सरांना काय पाहिजे नेमकं? तीन नंबर परत का आणला? त्याच्यापेक्षा शांत या दुकानात फक्त मी आहे." मी म्हणालो, मला माहीत नाही. बायको म्हणाली, भाऊजींचा स्वभावच तो, कुलूपसुद्धा परत करतात. मलाही तेच पटायला लागलं होतं, आणि थोडा रागही आला होता. इकडे आठवडे जात होते. उपचाराच्या बाईंना स्वच्छ आवाज हवा होता आणि हा माणूस भंगारातले पंखे हुडकत बसला होता.

सहा नंबरच्या दिवशी जिन्यात मी विचारलंच. एकोणिसाव्या पायरीवर साडू नेहमी थांबतात. खोकं कठड्यावर टेकवून श्वास घेत होते.

"साडूभाऊ, तीन नंबरमध्ये काय वाईट होतं?"

"काहीच नाही."

"मग हे काय चाललंय? आकडे माझ्याकडे आहेत."

"तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे," ते म्हणाले, आणि वरच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला.

कागदावर पंख्यांचे नंबर होते आणि प्रत्येकापुढे शाईने लिहिलेलं होतं. एक: बेअरिंग. दोन: शिट्टी. चार: पत्रा. पाच: ढिलं, घट्ट कर. तीन नंबरपुढे जागा कोरी होती.

"मान हलवली त्याने," साडू म्हणाले. "मान तो पहिल्यापासून हलवतोय. बिघडलेलं काही समोर दिसलं की त्याला राहवत नाही, शब्द शोधतो. नीट चाललेल्या यंत्राबद्दल दादाने आयुष्यात कधी अक्षर काढलेलं नाही, आता कुठून काढणार?"

मी कागद परत दिला. शांत संगणक हवा होता तो त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून, आणि शांत झाला की ते बोलत नाहीत. यातलं मापात काय बसतं आणि बाजूला काय ठेवायचं? सहा नंबरने त्या दिवशी "काय हे" असे दोन शब्द मिळवले. पण मुद्रणात ते दोन शब्द मला दोनदा ऐकूनही सापडले नाहीत. आम्ही तिथे होतो म्हणून आम्हाला माहीत, इतकंच. घरी आल्यावर मी माझ्या तक्त्यात तो रकाना आखला. आखल्यावर तक्ता आधीपेक्षा जास्त अवघड झाला.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. सोमवारी त्यांना स्वच्छ मुद्रण हवंच होतं. दादांचे शब्द कसे फुटतात, कुठे अडतात, हे ऐकल्याशिवाय उपचार पुढे कसा न्यायचा हे त्यांना ठरवता येत नव्हतं; नुसतं "बोलले हो, आम्ही ऐकलं" यावर त्या तरी किती दिवस काढणार? शनिवारी साडू जाऊन तीन नंबर घेऊन आले. मी गेलो तेव्हा ते जुन्या स्लीपरच्या रबराच्या चकत्या कापत बसले होते.

"शांतच करायचा तर पुरता करू," ते म्हणाले. त्यांनी पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये प्रत्येक स्क्रूखाली एक चकती घातली, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्यापर्यंत पोचू नये. चकत्यांचं वजन त्यांच्या अंदाजाने आठ ग्रॅम. त्यांनी ते मला वहीत लिहायला लावलं. इतकं मन लावून केलेलं काम मी त्यांच्या हातून पाहिलं नव्हतं, आणि काम करणाऱ्याचा चेहरा इतका उतरलेलाही पाहिला नव्हता.

रविवारी आम्ही अडतीस पायऱ्या चढलो. खोकं टीपॉयवर ठेवलं, वायरी जोडल्या. पुढचा छोटा दिवा साडूंनी पूर्वीच चिकटपट्टीने झाकला होता, कारण दिव्याकडे बघून यंत्र पारखणं ही त्यांच्या मते लबाडी. मुद्रण यंत्राबरोबर आपोआप सुरू व्हायचं, कारण ते सुरू करायचं साडू नेहमी विसरायचे. त्यांनी बटण दाबलं. छताचा पंखा बंद केला. वहिनी टीव्हीचा रिमोट शोधत होत्या. मी मोबाइल धरला: पस्तीस. बटण दाबायच्या आधीही पस्तीसच होता.

दादांनी स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. टोक पत्र्याला टेकवलं, डोळे मिटले. मग टोक दुसरीकडे नेलं. मग तिसरीकडे, मग खाली. मग डोळे उघडून धाकट्या भावाकडे बघितलं.

"बंद," ते म्हणाले.

"चालू आहे, दादा."

"नाही. बंद... आहे."

"अरे चालू आहे, मी आत्ता बटण दाबलं."

"बंद!"

"चालू!"

"अहो, भांडताय काय असे?" वहिनी म्हणाल्या आणि रिमोट हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. साडूंनी दादांचा डावा हात धरला, खोक्याच्या मागे नेला आणि तळवा जाळीसमोर उघडा करून धरला. तिथून कोमट वारा येतो. अगदी मंद, चहाच्या कपावर हात धरल्यासारखा. दादांनी हात तसाच ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांच्या कपाळावरची रेघ हळूहळू गेली.

"चालू आहे... की रे," ते म्हणाले. आणि मग, एकेक शब्द जागेवर बसवत, "मग... आवाज कुठे... गेला, गाढवा?"

साडू हसायला लागले. ऑपरेशनच्या टाक्यांवर हात धरून हसत होते. वहिनी रिमोटवरून हात फिरवत राहिल्या. मी मोबाइलकडे बघितलं. मधले आकडे मी नोंदवलेच नव्हते.

सोमवारी बाईंनी ते मुद्रण तीनदा ऐकलं. म्हणाल्या, पहिल्यांदाच दादांचा श्वाससुद्धा ऐकू येतोय. कुठे अडतात, कुठे वळसा घालून जातात, सगळं कळतंय. पोपट आणि आंबा त्यांनी त्याच दिवशी बंद केले आणि दादांना यंत्रांवर बोलायला लावलं. "यातलं गाढव कोण?" असं त्यांनी विचारलं तेव्हा साडूंनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला.

याला आता पाच महिने झाले. दादा पहिल्यासारखे बोलत नाहीत, बाई म्हणतात तसे ते बोलणारही नाहीत, पण बोलतात. वाक्यं करतात, मध्येच थांबतात, पुन्हा धरतात. बुधवार-रविवारची फेरी संपली. संगणक साडूंच्या घरी टेबलावर असतो आणि कोणी त्याला उचलत नाही. साडूंची मात्र काहीतरी गंमत झाली आहे. परवा त्यांच्याकडे नवी इस्त्री आली, ती दोन दिवस खोक्यातच होती. माझी मेहुणी तक्रार करते, हे हल्ली बोलतच नाहीत. आधी दोन माणसांचं बोलायचे, आता अर्ध्याचं.

काल संध्याकाळी मी गेलो तर ते खिडकीशी फोन कानाला लावून उभे होते. रोज साडेपाचला दादांचा फोन येतो. मी आल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. फोनमधून दादांचा आवाज मला ऐकू येत होता. बाजारात एकटे जाऊन आले होते, त्याचं सांगत होते. वांगी आणली. टोमॅटो आणले. आणि वहिनींनी सांगितलेलं ते... ते हिरवं... आणि पुढे काहीच नाही. पेशवाईतला चोपदार उभा राहावा तसे साडू ताठ उभे होते. खाली रिक्षा येऊन थांबली, कोणीतरी उतरलं, रिक्षा गेली. शब्द मला ठाऊक होता, साडूंना ठाऊक होता, स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबलेल्या मेहुणीलाही ठाऊक होता. मी हळूच सुचवायला गेलो तर साडूंनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"कोथिंबीर," फोन म्हणाला.

"हं," साडू म्हणाले. "मग?"